तुम्ही विचारलंत म्हणून : मॉलमधला बर्फ कशाला?

प्रश्न दोन असतात आणि विचारणारेही दोन तऱ्हांचे. बँकेत काउंटरवर पासबुक पुढं सरकवता सरकवता विचारतात, "मॅडम, तुम्ही बर्फावर घसरायला जायलाव म्हणं? कामून पण?" दुसरे म्हणजे ज्यांच्यासोबत मी पहिल्यांदा बर्फ पाहिला ते पुण्याचे ट्रेकवाले मित्र. ते म्हणतात, "गुलमर्ग असताना दुबईच्या मॉलमध्ये कशाला जातेस? तो फ्रीज आहे, डोंगर नाही."

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. आवडतं, झालं. लोक भिशी लावतात, अष्टविनायक करतात, मी हे करते. दुसऱ्याचं मात्र लांबलचक उत्तर आहे आणि दर वेळी चहा संपेपर्यंत ते अर्धंच सांगून होतं. म्हणून आज बसून लिहिते.

मी परभणीची. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही म्हणतो. जर्मनीत बर्फ पडतो आणि आमच्याकडं पडत नाही, एवढाच काय तो फरक. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. डिसेंबरात कृषी विद्यापीठाचा आकडा पाच-सहावर उतरला की गल्लीत शेकोट्या पेटतात आणि पेपरात फोटो येतो. पांढरं काही अंगणात पडलेलं मी एकदाच पाहिलंय. 2014 सालची गारपीट, फेब्रुवारी-मार्चातली. जिंतूर तालुक्यात आमचं माहेरचं शेत आहे. काढणीला आलेला गहू आणि घाट्यांनी भरलेला हरभरा, दोन्ही अर्ध्या तासात आडवे. दुसऱ्या दिवशी पोचले तरी बांधाच्या सावलीला गारांचा खच तसाच होता. त्यावर चपलेनं पाय दिला आणि मी सरळ दोन हात पुढं जाऊन बसले. बाबा एवढ्या दुःखातही म्हणाले, "सांभाळ माय." म्हणजे तसं बघितलं तर माझं पहिलं घसरणं परभणी जिल्ह्यातलंच.

स्की, म्हणजे बर्फावर घसरायची लांब पट्टी, पायाला बांधली ती 2018 च्या फेब्रुवारीत, उत्तराखंडातल्या औलीला. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढं जोशीमठपर्यंत दिवसभर जीप. सात दिवसांचा कोर्स. वय चाळीस पूर्ण. तिथं पहिली गोष्ट शिकवली ती चढणं. उतारावरून वर नेणाऱ्या लिफ्टवर नवशिक्याला घेत नाहीत. स्की पायात असताना उताराला आडवं उभं राहायचं आणि खेकड्यासारखं एकेक पाऊल वर चढायचं. दहा मिनिटं चढा, अर्धा मिनिट उतरा, त्यातही निम्म्या वेळा मध्येच पडा. पाचव्या दिवशी वादळ आलं, खोलीत बसून पत्ते खेळलो. परतताना गाडीत मी हिशेब मांडला. बँकेतली सवय, जात नाही. सात दिवसांत प्रत्यक्ष उतरत होते तो सगळा वेळ मिळवला तर तास-सव्वा तासही भरेना.

तास-सव्वा तासात कुणाला सायकल तरी येते का?

आणि पुढचा बर्फ वर्षभरानं. तोवर पाय सगळं विसरतात. ट्रेकवाल्यांचं बरं आहे. ते दरवर्षी दोनदा वर जातात, त्यांचे पाय तरुण. शिवाय औलीचा भरवसाही उरला नाही. बर्फ वेळेवर पडतोच असं नाही. 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचून घरांना भेगा पडल्या तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवेही थांबवला होता.

माझा धाकटा भाऊ शारजाला नोकरीला आहे. त्याच्याकडं गेले असताना वहिनी मला मॉल ऑफ द एमिरेट्सला खरेदीला घेऊन गेली. आत चालता चालता एक मोठी काच लागली आणि काचेपलीकडं बर्फ. लेकरं ढिगात लोळत होती, त्यांच्या मागं उतार वर अंधारात चढत गेला होता. स्की दुबई ते हेच. 2005 पासून चालू आहे. आत पाच उतार आहेत, त्यातला सगळ्यात लांब 400 मीटरचा आणि त्यावरून माणूस एकूण साठेक मीटर खाली येतो. तापमान उणे एक-दोन. बाहेर तेव्हा एकेचाळीस होतं. पेंग्विनही आहेत, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही, त्यांचे चेहरे मी फार वेळ पाहू शकले नाही.

थेट मोठ्या उतारावर सोडत नाहीत. वळता येतं का, थांबता येतं का, लिफ्टवरून नीट उतरता का, ते आधी बघतात. मला आलं नाही. मग शिकवणी लावली.

तिथं माझा एक घोळ झाला, तो सांगते, कारण त्यातून काही कळलं. स्की भाड्यानं देताना काउंटरवरचा मुलगा वजन विचारतो. भरल्या रांगेत, वहिनीसमोर. मी सहा किलो कमी सांगितलं. परभणीत खरं वजन कोणती बाई सांगते? त्या आकड्याचं काय करतात हे मला माहीत नव्हतं. बूट स्कीवर ज्या खटक्यात बसतो त्याला बाइंडिंग म्हणतात. त्याला एक स्प्रिंग असते आणि ती किती घट्ट करायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं यावरून ठरतं. पडताना पाय पिळला तर बाइंडिंगनं बूट सोडून द्यायचा, म्हणजे गुडघा वाचतो. वजन कमी सांगितलं तर स्प्रिंग सैल लागते. मी वळले, जरा जोर दिला आणि उजवी स्की मला सोडून एकटीच निघाली. थोडं जाऊन थांबली, कारण निसटली की तिचा ब्रेक आपोआप खाली येतो. मी एका पायावर लंगडी घालत तिच्या मागं. शिकवणारा फिलिपिनो मुलगा हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "मॅम, वजन बरोबर लिहिलंय ना?" मी मान खाली घालून खरा आकडा सांगितला. त्यानं मला काउंटरवर परत नेलं, तिथल्या पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं खटका पिळला. तेव्हापासून मी वजन कुठंही खरं सांगते, लग्नकार्यातसुद्धा.

त्या फिलिपिनो मुलानं तिथं जे शिकवलं ते औलीत सात दिवसांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि दोष औलीच्या शिकवणाऱ्याचा नव्हता. वेग आवरायला स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची. हे लोक त्या आकाराला पिझ्झा म्हणतात. मी मनात भाकरीचा चतकोर म्हणते. चतकोर मोठा केला की वेग कमी होतो, बारीक केला की वाढतो. इथवर सगळ्यांना येतं. घोडं अडतं ते पुढं. उतार दिसला की भीतीनं माणूस मागं रेलतो, जिना उतरताना कठडा धरून रेलतो तसा. मागं रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, बर्फ धरत नाहीत, वळायचं म्हटलं तरी वळत नाहीत. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची, म्हणजे ज्या दिशेची भीती वाटते तिकडंच झुकायचं. आणि उजवीकडं वळायचं तर भार डाव्या पायावर. हे कागदावर दोन ओळींचं आहे. अंगात यायला किती फेऱ्या लागतात ते मी मोजलंय, पण सांगत नाही.

मग त्यानं माझ्या दोन्ही काठ्या घेतल्या, आडव्या करून माझ्या हातांवर ठेवल्या आणि म्हणाला, हा ट्रे आहे, यावर कप आहेत, सांडू नकोस.

ट्रे! मला हसू आवरेना. एकोणीस ते चोवीस, पाच वर्षं मी परभणीच्या आमच्या बैठकीत चहाचे ट्रे घेऊन गेलेय, पाहुणे बघायला यायचे तेव्हा. आई आतून पढवायची, कपांकडं बघू नको, समोर बघ, कपांकडं बघितलं की सांडतं. खांदे खाली, कोपरं अंगाशी, गुडघे जरासे सैल, कारण साडीचा काठ पायात यायचा. त्या उतारावर मी तसाच ट्रे धरला आणि समोर बघितलं. खाली मुलाकडच्या आत्याबाई बसल्यात असं समजले. वळले. परत वळले. चतकोर मोठा केला, थांबले. एक थेंब सांडला नाही.

मॉलमधला बर्फ कशाला, त्याचं उत्तर इथं आहे. त्या उतारावर ट्रे एकदा जमला म्हणून लिफ्टनं वर गेले आणि लगेच परत केला. मग परत. बर्फ तोच, उतार तोच, उजेड तोच, वारा नाही. मागच्या वेळी जिथं चुकले बरोबर तिथंच परत येता येतं. दोन तासांत माझ्या चौदा फेऱ्या झाल्या. आपण पाटीवर अ कसा गिरवला? एकाच अ वर, पेन्सिल जाड होईस्तोवर. डोंगरावर गिरवता येत नाही. तिथं दर दहा पावलांवर नवं अक्षर असतं, आणि वर मावळायला आलेला सूर्य, ओले मोजे, उद्याची गाडी. ट्रेकवाल्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, चारशे मीटर म्हणजे सुरू झालं की संपलंच. मी म्हणते, संपतं म्हणून तर परत सुरू करता येतं.

आता खोट काय ते. मागच्या वर्षी मी गुलमर्गला गेले, फुगून गेले होते. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला चढले, तिथून खाली यायचं. ढग उतरला. आकाश पांढरं, जमीन पांढरी, उंचवटा कुठला आणि खड्डा कुठला ते डोळ्याला कळेना. ताजा बर्फ घोट्याच्या वर. मॉलमधला बर्फ दाबून बसवलेला, मेणचटलेल्या ओट्यासारखा सपाट. हा मऊ बर्फ स्कीला आत ओढत होता. माझे सगळे अ विस्कटले. तीनदा पडले, एकदा काठी मुठीत घट्ट तशीच राहिली आणि अंगठा मुरगळला. तीन आठवडे नोटा मोजायला त्रास झाला. पण एक गोष्ट झाली. भीती वाटली तेव्हा मी मागं रेलले नाही. शरीर आपोआप पुढं गेलं, ट्रे धरल्यासारखे हात वर आले. ते डोंगरानं शिकवलेलं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त नाही. भाऊ तिथं आहे, राहायचं-जेवायचं लागत नाही, देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला जाऊन हैदराबादहून विमान धरते, म्हणून जमतं. भाऊ नसता तर गेले नसते. तिकिटात जाकीट, पँट, बूट, स्की येतं. हातमोजे मी माझेच नेते.

आणि पाण्याचं. हे कुणी विचारत नाही, पण माझं मलाच खुपतं. तिथं रात्री गिऱ्हाईक गेल्यावर हॉल आणखी थंड करतात आणि पाण्याचा बारीक फवारा हवेत सोडतात, त्याचे कण गोठून खाली पडतात. तो नवा बर्फ. माझी मावशी लातूरला असते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर, आणि ती बघायला लोक स्टेशनात जमले होते. मावशीनं हार घातलेल्या इंजिनाचं वर्णन फोनवर केलं होतं, लग्नाच्या वरातीसारखं. मी तिला मॉलमधल्या बर्फाचं सांगितलं तर ती गप्प बसली. मग म्हणाली, "पाणी मुद्दाम गोठवितेत? घसरायला?" मी म्हटलं, तिथलं पाणी समुद्राचं असतं, खारं, गोड करून घेतलेलं. "मग तर जास्तच महाग की गं," मावशी म्हणाली. तिच्यापुढं माझं काही चाललं नाही, आजही चालत नाही. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. मी तरी जाते. जाते तेव्हा मावशीला फोटो पाठवत नाही.

या वेळी मेच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले. हातमोजे घामानं ओले होते, गच्चीवर दोरीला लटकवले. दोन जाडजूड काळे पंजे, चिमट्यांनी धरलेले, खाली फरशीवर पाय ठेववत नव्हता. शेजारच्या काकू पापड वाळवायला आल्या होत्या. बराच वेळ त्यांनी मोज्यांकडं बघितलं.

"तुमच्या यांनी लाइटीच्या खांबावरचं काम धरलं का?" म्हणाल्या.