फाउंड्रीत बिनपंख्याचा पीसी बसवताना

ऑफिसातला साधा पीसी शिरोलीच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) फार टिकत नाही. त्याचा पंखा वाळू आणि ग्राफाइटची धूळ आत ओढत राहतो आणि बोर्डावर काळा थर चढतो. फर्नेसच्या एनर्जी मीटरांची रीडिंग घ्यायला म्हणूनच बिनपंख्याचा इंडस्ट्रियल पीसी मागवला. सप्लाय २४ व्होल्ट डीसी, पॅनलमधल्याच एसएमपीएसवरून (एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय).

झाकण शॉप फ्लोअरवर उघडायचं नाही, हा माझा हट्ट. आतलं सगळं टेबलावरच उरकलं. रॅम तिरकी सरकवून खाली दाबली की क्लिपा खट्‌कन बसतात, त्यात विशेष काही नाही. एम.२ एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी पातळ पट्टी, घेताना मात्र मॅन्युअल आधी वाचावं. तिच्यात बोर्डाशी जोडण्याच्या दोन पद्धती असतात: साटावाली आणि एनव्हीएमईवाली दिसायला सख्ख्या बहिणी, पण स्लॉट एकीलाच ओळखत असेल तर दुसरी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसतच नाही. ४जी मॉड्यूलवर अँटेनाची वायर ‘मेन’ लिहिलेल्या जागीच लावली. पत्र्याच्या पॅनलमध्ये रेंज कुठली यायला? अँटेना पॅनलच्या डोक्यावर काढली.

खरी झटापट बाहेरच्या वायरींशी झाली. मीटर जोडायचा कॉम (सिरियल) पोर्ट मुळात आरएस-२३२ वर होता, म्हणजे एका वेळी एकच उपकरण जोडायच्या पद्धतीवर. बायोसमध्ये जाऊन तो आरएस-४८५ केला, त्यात एकाच लाइनवर अनेक मीटर चालतात. मीटरकडून ए आणि बी अशा दोन वायरी येतात. एका कंपनीचा ए म्हणजे दुसरीचा बी, हा या धंद्यातला जुना घोळ. वायरी बदला म्हटल्यावर आमचे इलेक्ट्रिशियन मामा थबकले.

“उलटं लावलं तर जळंल की हो!”

“जळत नाही मामा, नुसतं बोलत नाही.”

बदलल्यावर पहिला मीटर लगेच बोलायला लागला. बाकीचे त्याच्याच पुढे एकामागे एक जोडले, प्रत्येकाला वेगळा पत्ता दिला (मॉडबस या मीटरांच्या बोलीत १ ते २४७ चालतात) आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर टाकले. तरी इंडक्शन फर्नेस सुरू झाली की रीडिंग गळायची. पाहतो तर आमची केबल जुन्या ट्रेमधून पॉवर केबलला चिकटून गेलेली. ती वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ केली, तेव्हा कुठे रीडिंग सलग यायला लागली.

लॅन पोर्ट दोन होते. एक पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर), दुसरा ऑफिसच्या नेटवर्कला. दोघांना वेगवेगळे सबनेट (नेटवर्क पत्त्यांचे गट) दिले. एकच दिला तर पॅकेट कुठल्या पोर्टातून जाईल याचा भरवसा नाही.

शेवटी बायोसमध्ये वीज परत आल्यावर पीसी आपोआप चालू होण्याची सेटिंग केली. रात्रपाळीत लाइट गेली तर बटण दाबायला कोण येणार? मी मामांना हे सांगतोय तोवर त्यांनी एमसीबी पाडलासुद्धा. पुन्हा वर केला. पीसी स्वतःहून उठला आणि रीडिंग सुरू झाली. मामा म्हणाले, “आता कंप्रेसरच्या पॅनलला पण असाच एक बसवू.”