झिजलेले मणी

त्र्यंबकहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी सातपूरला मुक्काम करून नाशकात येते आणि पुढचा मुक्काम पळसेला असतो. नाशिक ते पळसे, मी चालले ते एवढंच. पंढरपूरपर्यंतची वाट साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ चार आठवड्यांची. त्यापुढे माझे पंधरा-सोळा किलोमीटर ते काय! पण तो दिवस गेलं वर्षभर माझ्यासोबत आहे, म्हणून आज लिहायला बसले.

मी कॅथलिक धर्मभगिनी. व्रतं घेऊन २६ वर्षं झाली. कॉन्व्हेंटला लागून आमचा छोटा दवाखाना आहे, तिथं मी नर्सचं काम करते आणि संध्याकाळी मुलींचं वसतिगृह बघते. पावणेपाचला उठायचं, साडेपाचला सकाळची प्रार्थना, सहाला मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, मग चहा-नाश्ता. आठला दवाखान्याचं दार उघडलं की एकपर्यंत मान वर करायला सवड नाही. दुपारी कपडे, हिशेब, औषधांची नोंद. रात्री जेवणानंतर मुलींसोबत रोझरी, म्हणजे माळेवरचा जप. या दिवसक्रमावर माझं प्रेम होतं. पण आई गेली आणि त्यानंतर दोन वर्षं प्रार्थनेतला ओलावाच आटून गेला. ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही. कोणाला सांगितलं नाही. चॅपलमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे आणि घंटा होण्याची वाट बघायचे. सिस्टरनं असं लिहावं का, हा विचार मनात आलाच, पण खरं ते असं होतं.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या आणि ड्रेसिंगचं सामान उकळणाऱ्या आमच्या मावशी दरवर्षी वारीला जातात. गेल्या ज्येष्ठात रजेचा अर्ज देताना म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही एक दिवस चला की. आमच्या दिंडीत दर चार बायांमागं एकीच्या पायाला फोड. नुसती पट्टी बांधायला चला."

मी परवानगी मागायला गेले ती थोडी बिचकतच. आमच्या सुपिरियर सिस्टर वयानं खूप मोठ्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "लहानपणी तू हरेगावला मतमाउलीला चालत जायचीस ना?"

"हो, सिस्टर."

"मग मला काय विचारतेस? गॉझ जास्त घेऊन जा."

कुणाच्या मनात शंका येईल म्हणून सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच स्पष्ट केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. हे आम्ही नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, शिकलो होतो. मला मात्र ते त्याच्या कितीतरी आधी माझ्या आजीनं शिकवलं होतं. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात. सप्टेंबरात पवित्र मरियेच्या, म्हणजे आमच्या मतमाउलीच्या, जन्मदिनाच्या सुमारास हरेगावची यात्रा भरते. आजी मला भल्या पहाटे उठवायची, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधायची आणि आम्ही उसाच्या कडेकडेनं चालत निघायचो. माझे पाय दुखायला लागले की म्हणायची, "माउली वाट बघती, चल." हीच आजी बेलापूरला निवृत्तिनाथांची दिंडी यायची तेव्हा आमच्या ख्रिस्ती वस्तीतल्या बायांना घेऊन रस्त्याला माठ मांडून बसायची. १९८७ साली पुण्यापासून वेगळा होऊन नाशिकचा धर्मप्रांत झाला, त्या वर्षीच्या दिंडीला तिनं मला पहिल्यांदा पाण्याचा तांब्या हातात दिला होता. वारकरी पाणी प्यायला की माझ्याही पाया पडायचा. बारा वर्षांच्या पोरीच्या! मी लाजून आजीच्या पदराआड जायचे.

नाशकातल्या द्वारका चौकात आम्ही दिंडीत शिरलो तेव्हा सातही वाजले नव्हते. माझी नेहमीची करडी साडी, गळ्यात क्रूस, पाठीवर औषधांची पिशवी. कुणी वळून बघितलं नाही. एका बुवांनी "माउली, जरा आत चाला, गाड्या येतात" एवढंच म्हणून मला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं. पुढे टाळकरी, मध्ये तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, मागं आम्ही. मृदुंग छातीत वाजतो हे मी ऐकलं होतं, त्या दिवशी कळलं.

त्यांच्या मुखी रामकृष्णहरी. मी काय म्हणावं? हात आपोआप खिशातल्या जपमाळेकडे गेला. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा एक मणी आणि चार पावलं, असं जमायला लागलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, मृदुंगाच्या ठेक्यावरच माझे मणी सरकत होते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं आहेत, यरुशलेमची वाट चढणारे यात्रेकरू ती म्हणत जात. आमच्या रोजच्या प्रार्थनेत ती आलटून पालटून येतात. २६ वर्षं मी ती बाकावर बसून म्हटली होती. चालता चालता म्हणायची स्तोत्रं पहिल्यांदाच चालता चालता म्हटली, त्या पुणे रस्त्यावर, एका बाजूला एसटी आणि दुसऱ्या बाजूला टाळ.

नेहरूनगरला बाळ येशूचं मंदिर आलं. फेब्रुवारीत तिथं यात्रा भरते, मुंबई-वसईपासून लोक येतात आणि त्यात फक्त ख्रिस्तीच असतात असं नाही. नवस फेडायला सगळ्या धर्मांचे लोक रांगेत असतात. दिंडीतल्या दोघी-तिघींनी चालतानाच तिकडं वळून हात जोडले आणि पाऊल न चुकवता पुढे गेल्या. माझे डोळे भरून आले. बाळ येशूचं नाव घेतलेली लिझ्यची संत तेरेजा मला तिथं आठवली. २४ व्या वर्षी ती गेली, व्रतं घेतल्यावर मठाबाहेर पडली नाही, आणि १९२७ साली पोपनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं. कपडे धुताना शेजारची सिस्टर नकळत घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची, तर ती चेहरा मागं घ्यायची नाही, तेही ती प्रेमानं झेलायची. नॉव्हिशिएटमध्ये ही गोष्ट ऐकून आम्ही मुली खूप हसलो होतो.

नाशिकरोडच्या पुढे दिंडी विसाव्याला थांबली आणि माझं काम सुरू झालं. मावशींनी एका कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. बघता बघता पंधरा-वीस पाय समोर आले. खरंच, मला चेहरे नंतर दिसले, आधी पाय दिसले.

इगतपुरीकडच्या डोंगरातल्या एक आजी बसल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. टाचेला भेगा, काही तर एवढ्या खोल की आत लाल दिसत होतं, त्यात रस्त्याची काळी माती बसलेली. डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड. कुणीतरी त्यातून सुईनं दोरा ओवून तसाच ठेवला होता, वारीत तसं करतात. दोरा मळला होता. मी तो काढला, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात घेतला आणि बोटांनी हळूहळू माती सोडवायला लागले. फोडाची कातडी काढायची नसते. बाजूनं निर्जंतुक सुई घालून पाणी तेवढं दाबून काढायचं, वरची कातडी तशीच बसवायची, औषध, गॉझ, पट्टी. भेगांना आमसुलाचं तेल लावलं.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले म्हणून. ते पाय घरून धुऊन आलेले असतात, पाणी परातीत पडतं तेही स्वच्छच. माझ्या घमेल्यातलं पाणी तीनदा बदललं तरी गढूळच.

आजी माझ्याकडे बघत होत्या. "तू दवाखान्यातली सिस्टर का चर्चमधली?"

"दोन्ही, आजी."

"मंग तुला माळ असंल."

मी खिशातून काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, क्रूस उलटा-सुलटा करून बघितला, मग अंगठ्यानं एकेक मणी चाचपला. स्वतःच्या गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढून दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या.

"आमची एकशेआठाची. तुझी?"

"एकोणसाठ."

"बारीक आहे." पुन्हा अंगठा फिरवला. माझी माळ लाकडी आहे, पहिली व्रतं घेतली तेव्हा आईनं दिलेली. "पण लई झिजलेत गं मणी. हे बघ, हा तर निम्मा राहिला. म्हंजी नेम चुकला न्हाई तुझा."

माझे हात पट्टीवरच थांबले. ती दोन वर्षं मी हिशेबातून काढून टाकली होती. आत काही नव्हतं म्हणून ती प्रार्थनाच नव्हती असं धरून चालले होते. त्या रात्रींमध्येही मुलींसोबत बसून मी हेच मणी ओढत होते. कंटाळून, झोप आवरत, आईच्या आठवणीनं गळा दाटलेला असताना. लाकडाला त्यातलं काही माहीत नव्हतं, ते आपलं झिजत होतं.

"रडती कशापायी? मला दुखत न्हाई," आजी म्हणाल्या.

उठताना त्यांनी माझं नाव विचारलं. "इठ्ठलाच्या कानावर घालीन." मीही त्यांचं विचारलं, म्हटलं, आमच्या मिस्सेत घेईन. त्यांनी तीनदा सांगितलं, आडनावासकट, मी विसरू नये म्हणून.

पुढची वाट भराभर सरली. चेहेडीजवळ दारणेच्या पुलावर पावसाची एक सर आली, कुणी आडोशाला गेलं नाही. मावशींनी पिशवीवर प्लास्टिक टाकलं आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मगाधरनं हसताय." पळसेला गाव रस्त्यावर आलं होतं, रांगोळ्या, पिठलं-भाकरी. मी रिक्षा पकडून अंधार पडायच्या आत परतले, कारण मुलींना जेवायला वाढायचं होतं. रात्री रोझरीला बसलो तेव्हा एका लहानगीनं विचारलं, "सिस्टर, तुमच्या माळेला औषधाचा वास का येतोय?"

आषाढी एकादशीला आमचा दवाखाना नेहमीसारखा आठलाच उघडला. पण त्याआधी, सहाच्या मिस्सेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना माझ्याकडे होत्या. पोपसाठी, बिशपांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी म्हटलं. मग त्या आजींचं नाव घेतलं, सांगितलं होतं तसं आडनावासकट, आणि म्हटलं की त्या आज पंढरपूरला पोचल्या असतील, त्यांच्या पायांसाठी आपण प्रार्थना करू या. फादरांनी क्षणभर मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुढच्या बाकावरून सुपिरियर सिस्टरचा आवाज सगळ्यांच्या आधी आला, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."