गाडी मिळत नसते तेव्हाचं कोटेशन

निपाणीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेब बघते. तंबाखूच्या वखारी, अडत दुकानं, ट्रकमालक, चिकोडी-हुक्केरीकडचे बागायतदार, सगळ्यांची बिलं आणि पासबुकं दिवसभर माझ्या हाताखालून जातात. कुणी नवी गाडी घेतली की पेढ्यांच्या पाठोपाठ गाडीचं बिलही टेबलावर येतं. २०२१ आणि २०२२ मध्ये आलेली बिलं बघून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. मध्यंतरी गाड्या मुबलक झाल्या, शोरूमवाले स्वतःहून सूट द्यायला लागले आणि विषय मागे पडला. मग २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी उतरला, गिऱ्हाईक वाढलं, आणि माझ्या पुतण्याला हव्या असलेल्या गाडीला वेटिंग लागलं. त्याच्या कोटेशनवर वरखर्चाच्या त्याच जुन्या ओळी पुन्हा दिसल्या, म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हाचा तुटवडा खरा होता, हे आधी सांगते. लॉकडाऊनमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि त्या चिप मोबाईल-लॅपटॉपवाल्यांनी उचलल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधले चिपचे कारखाने थंडीच्या लाटेत बंद पडले, मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीच्या चाळीस टक्केच उत्पादन होईल, असं मारुतीने आधीच जाहीर केलं होतं. आणि त्याच ऑक्टोबरात महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००ची पहिली पंचवीस हजार बुकिंगं तासाभराच्या आत झाली. गाड्या नाहीत आणि माणसं रांगेत, अशी गत. यात शोरूमचा काही दोष नाही.

त्यांनी या रांगेचं काय केलं, माझा राग त्यावर आहे.

आम्हाला सात सीटची सीएनजी गाडी हवी होती. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, बेळगावला त्यांना बसने न्यायचं म्हणजे त्यांचे हाल. एक्स-शोरूम किंमत साडेअकरा लाखांच्या आसपास. बेळगावच्या एका शोरूमने कोटेशन दिलं. त्यात 'लॉजिस्टिक अँड हँडलिंग' साडेआठ हजार, ॲक्सेसरीज पॅकेज अठ्ठावीस हजार, इन्शुरन्स बावन्न हजार. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग आणि नंबर प्लेटचे वेगळे पैसे.

एकेक ओळ घेऊ. कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च आणि डीलरचं मार्जिन एक्स-शोरूम किमतीत धरलेलं असतं. म्हणजे 'लॉजिस्टिक'च्या नावाखाली तीच वाहतूक दुसऱ्यांदा विकली जाते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना कंपनीनेच द्यायची असते आणि तिचाही खर्च गाडीच्या किमतीत असतो. इन्शुरन्समधला थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तीन वर्षांचा मिळून १ जून २०२२ पासून १०,६४० रुपये, कुठेही घ्या. म्हणजे जो फरक पडतो तो सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमध्ये (वरची जादा कव्हरं). त्याच आयडीव्हीची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या त्याच किमतीची, आणि त्याच ॲड-ऑनची पॉलिसी मला बाहेर अडतीस हजारांत मिळत होती. मधले चौदा हजार कशाचे? २०१७च्या नियमांनुसार चारचाकीच्या ओन डॅमेज हप्त्यावर डीलरला साडेएकोणीस टक्क्यांपर्यंत मोबदला मिळू शकत होता. हप्ता जितका फुगेल तितका मोबदला मोठा, गणित एवढंच आहे. आणि त्याच नियमांत हेही आहे की विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवेल, डीलर सक्ती करू शकत नाही.

हे मी तिथल्या मॅनेजरला विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सिस्टिमच हंग ऐत्रि, अक्कार." सिस्टिमच तशी आहे. मी म्हटलं, मग इन्शुरन्स इथूनच सक्तीचा आहे, एवढं लेटरहेडवर लिहून द्या. ते लिहून देईनात. सक्ती होती, पण कागदावर यायला तयार नव्हती. पुढे मी ज्यांना ज्यांना सल्ला दिला त्यांना हेच सांगितलं, की भांडू नका, लिहून मागा.

बाहेर पार्किंगपर्यंत सोडायला आलेला सेल्समन मुलगा हळू आवाजात बोलला, "ताई, फुल पॅकेज घेतलासा तर पुढच्या लॉटमध्ये बसवतो. नाहीतर दिवाळीनंतरच बघा." मला सगळ्यात वाईट वाटलं ते हे. गाडीची किंमत कंपनीने बांधून दिलेली, ती डीलरला वाढवता येत नाही. मग विकायचं काय? रांगेतली जागा. रेशनच्या दुकानासमोरची रांग निदान डोळ्यांना दिसते, कोण मधे घुसला ते कळतं. शोरूमची रांग त्यांच्या कॉम्प्युटरात. आमच्यानंतर बुकिंग केलेल्या संकेश्वरच्या एका कुटुंबाला आमच्याआधी गाडी मिळाली, तोच रंग, तेच मॉडेल. त्यांची फाईल पुढे आमच्याच ऑफिसात आली. पॅकेज, इन्शुरन्स, वॉरंटी, कर्जही शोरूमने सांगितलेल्या बँकेतून. त्यांना दोष कसा देऊ? मुलीचं लग्न तोंडावर होतं.

आणखी एक उदाहरण मनातून जात नाही. ओळखीतल्या एका ड्रायव्हरमामांनी जुनी टॅक्सी विकून नव्या पिवळ्या बोर्डाच्या गाडीसाठी पैसे भरले होते. गाडी येईपर्यंत कमाई बंद, घरी बसून. त्यांच्याकडून रोख रक्कम घेतली गेली, पावती नाही. लवकर अलॉटमेंट करून देण्याचे, असं तोंडी सांगितलं. मी विचारलं, मामा, पावती का नाही मागितली? ते म्हणाले, "मागितली असती तर गाडी मिळाली नसती." ज्याला थांबणं परवडत नाही त्याच्याकडून जास्त पैसे निघतात, हे शोरूमला नीट ठाऊक होतं. बँकेत चांगली शिल्लक असलेला माणूस सहा महिने थांबू शकतो. टॅक्सीवाला कसा थांबेल?

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला रोड टॅक्स सतरा टक्के, त्यावर अकरा टक्के अधिभार. म्हणजे साडेअकरा लाखांच्या गाडीवर सव्वादोन लाखांच्या जवळपास. महाराष्ट्रात २०२२ मध्ये सीएनजी गाडीला याच गटात आठ टक्के होता, म्हणजे ब्याण्णव हजार. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रात गेलं की सव्वा लाखाचा फरक. निपाणीतल्या कुठल्याही गल्लीत उभं राहा, चिकोडीच्या केए-२३च्या शेजारी कोल्हापूरची एमएच-०९ उभी दिसेल, त्याचं कारण हेच. ज्या कोटेशनवर टॅक्सचाच आकडा सव्वादोन लाख आहे, त्यात साडेआठ हजारांची ओळ डोळ्यांत भरत नाही. माणूस सरकारला शिव्या देतो आणि खालच्या ओळी तशाच पुढे सरकतात.

कोल्हापूरकडच्या काही विक्रेत्यांनी याचा वेगळा उपयोग केला. "पाहुण्यांचा पत्ता द्या, इकडेच पासिंग करून देतो," असं सांगून त्याचेही पैसे लावले. पुढची अडचण कुणी सांगितली नाही. परराज्यातली गाडी वर्षाहून जास्त कर्नाटकात ठेवली तर इथला आजीवन कर भरावाच लागतो. आरटीओने गाडी अडवली की तो प्रश्न मालकाचा. विक्रेता तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजत असतो. कोल्हापुरात गाडी घेऊन टेम्पररी रजिस्ट्रेशनवर आणून इथला कर भरून पासिंग करणं पूर्ण कायदेशीर आहे. कोल्हापूरचं आणि बेळगावचं, अशी दोन कोटेशनं शेजारी ठेवायची सोय आपल्याला आहे, ती जरूर वापरा. पण टॅक्सच्या ओळी बाजूला ठेवून बाकीच्या ओळी जुळवा. खरी तुलना तिथे होते.

दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो, तोही लोक खर्चातच धरतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकर आहे. आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतो, रिटर्न भरला की मिळतो किंवा वळता होतो. कित्येक शेतकऱ्यांचे अकरा-बारा हजार असे पडून राहिलेले मी पाहिलेत, कारण उत्पन्न करपात्र नाही म्हणून रिटर्नच भरलेला नसतो.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४१). एक वस्तू हवी असेल तर दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यावीच लागेल, अशी अट घालणं ही त्यात 'निर्बंधक व्यापारी प्रथा' आहे. म्हणजे 'पॅकेज घेतलं तरच गाडी' हे सरळ त्यात बसतं. त्याच कलमात दुसरा भाग आहे, तो फार कुणी वाचत नाही. ठरलेल्या मुदतीपेक्षा पुरवठ्याला उशीर केला आणि त्यामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता असली, तर तीही निर्बंधक प्रथाच. मारुतीने एकट्या २०२१ मध्ये जानेवारी, एप्रिल आणि सप्टेंबरात भाव वाढवले होते, आणि बुकिंग फॉर्मवर सगळीकडे बारीक इंग्रजीत एक ओळ असते, की डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू. मग मुदत ठरलेली का नसते? कारण फॉर्मवर डिलिव्हरीची तारीख लिहायची जागा रिकामी सोडतात. तारीखच नाही, तर उशीर कशाच्या तुलनेत सिद्ध करणार? म्हणून अंदाजे का होईना, महिना लिहून घ्या, खाली सही-शिक्का घ्या. आणि बुकिंगचा नंबर कंपनीच्या सिस्टिममधला आहे की शोरूमच्या वहीतला, हे कंपनीला फोन करून तपासा. वहीतल्या नंबराला रांगेत जागाच नसते.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कोल्हापुरात गाडी घेतली तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वकील लागतोच असं नाही. दहा ते वीस लाखांच्या खरेदीला फी चारशे रुपये. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून बघा, पुष्कळदा शोरूम तिथेच नमतं.

आमच्या बाबतीत मी कंपनीला ईमेल केला, कोटेशनचा फोटो जोडून. लॉजिस्टिकची ओळ निघाली, इन्शुरन्स बाहेरून घेतला, पॅकेज रद्द करून फक्त मॅट घेतल्या. गाडी पाडव्याला हवी होती, ती मिळाली नाही, बऱ्याच उशिरा आली. उशीर चिपमुळे झाला की माझ्या ईमेलमुळे, याचं उत्तर त्यांच्या कॉम्प्युटरात आहे. ह्यांना आणि सासूबाईंना तोवर थांबणं जमलं, म्हणून मला हट्ट धरता आला.

तो सेल्समन मुलगा बेळगावजवळच्या एका खेड्यातला. पुढे भेटला तेव्हा नोकरी सोडली होती. ॲक्सेसरीज आणि इन्शुरन्सचं टार्गेट भरलं नाही की पगारातला इन्सेंटिव्ह जायचा, असं त्याने सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही. टार्गेट ठरवणारी माणसं काचेच्या केबिनमध्ये असतात आणि गिऱ्हाइकाचा आवाज चढला की या पोरांना पुढे करतात.

पुतण्याच्या नव्या कोटेशनवर 'लॉजिस्टिक'ची ओळ आता 'फॅसिलिटेशन' म्हणून आली आहे, साडेनऊ हजारांची. जीएसटी उतरल्याने गाडीचा भाव खाली आला, पण ही रक्कम वाढली. आम्ही हिशेब लेखी मागितला. इन्शुरन्स बाहेरून चालेल, असं उत्तर आलंय. फॅसिलिटेशनबद्दल त्यात एक अक्षर नाही. काल पुन्हा विचारलंय, या वेळी कंपनीलाही प्रत पाठवून.