फेसवॉश बॅच ४: पीएच एकदाचा जमला

चौथी बॅच काल रात्री बाटलीत भरली. तिसरी नवव्या दिवशीच वास मारायला लागलेली, एक तर मुंबईची जूनची दमट हवा आणि वर माझी चूक, टिकावासाठी सोडियम बेंझोएट घातलं होतं पण पीएच सातच्या आसपास, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा, राहिला, आणि ते आम्लातच काम करतं, साडेपाचच्या वर गेलं की जवळजवळ असून नसल्यासारखं.

यावेळी १०० ग्रॅमला डेसिल ग्लुकोसाइड १२, कोकामिडोप्रोपिल बीटेन १४, ग्लिसरीन ५, झँथन गम १, बेंझोएट अर्धा ग्रॅम, बाकी डिस्टिल्ड वॉटर. ग्लुकोसाइड साधारण ५० टक्के आणि बीटेन ३० टक्क्यांचंच येतं, म्हणजे खरा साफ करणारा ऐवज १० टक्क्यांच्या जरासा वर. मीठ टाकून घट्ट करायची युक्ती ग्लुकोसाइडला फारशी लागू पडत नाही म्हणून गम, आणि तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, थेट पाण्यात टाकलात तर पिठल्यासारख्या गुठळ्या.

आता मुख्य गोष्ट. डेसिल ग्लुकोसाइड कॅनमधून येतं तेच ११-१२ पीएचचं, सौम्य म्हणून ऐकून तसंच वापरलं तर साबणापेक्षाही अल्कली. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या पीएच मोजायच्या पट्ट्या घट्ट जेलमध्ये नीट भिजत नाहीत म्हणून १ ग्रॅम फेसवॉश ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात मिसळून त्यात पट्टी बुडवली, गडद हिरवी. मग लिंबूसत्त्वाचं पाणी थेंब थेंब, ढवळायचं, पुन्हा पट्टी, असं करत करत पिवळसर रंगावर, सव्वापाचला आणलं. घाई करू नका, मधेच पीएच एकदम खाली घसरतो.

फेस कमी येतो, पण मला तो आवडलाय, बारीक आणि मऊ. आईला धुतल्यावर गाल किरकिर वाजले तरच स्वच्छ वाटतं, तिला समजावतेय की ते त्वचेचं स्वतःचं तेलही धुऊन गेल्याचं लक्षण. ग्लुकोसाइड आणि बीटेन दोन्ही एकत्र का, तर मिश्रणात सुटे रेणू कमी उरतात आणि त्वचेत कमी शिरतात, म्हणून चुरचुर कमी.

तरी पॅच टेस्ट कराच. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ ला बीटेनला आणि २०१७ ला ग्लुकोसाइडांना 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलंय, सौम्य असलं तरी काहींना सोसत नाही. मी कोपराच्या आत दोन दिवस लावून बघितलं, काही नाही झालं.

अर्धी बाटली बाथरूममध्ये, अर्धी कपाटात ठेवलीये. दर रविवारी दोन्हींचा वास आणि पीएच बघून इथेच लिहीन.