१७ वा नंबर, तरी कप

"काऊन व, तुही टीम सतराव्या नंबरावर हाये म्हणतं, मंग थो कप कसा काय भेटला?"

बाबांचा हा प्रश्न, माझ्या टॉटनहॅम या इंग्लंडच्या फुटबॉल टीमबद्दलचा, मे २०२५ पासून सुरू आहे. मोठेबाबांनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, आणि आठवडी बाजारात तर कोणीतरी भावाला अडवून विचारला म्हणे. फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं, मध्येच आवाज जातो, म्हणून एकदा सगळं बैजवार लिहिते.

मी उत्तर लंडनमध्ये नर्स आहे. माहेर राळेगाव तालुक्यात. इथे माझ्या खोलीपासून टॉटनहॅम हॉटस्परचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. ६२,८५० माणसं मावतात तिथे, आणि सामन्याच्या दिवशी ती सगळी हाय रोडवरून चालत येतात. आजोबा, नातू, हातात हात धरलेल्या बायका, सगळ्यांच्या गळ्यात पांढरा-निळा मफलर. मी नवीन होते तेव्हा वॉर्डात माझ्याशी कामापलीकडे फारसं कोणी बोलत नसे. फुटबॉलचं विचारलं की मात्र म्हातारे पेशंटसुद्धा उठून बसायचे. तिथूनच मला ओढ लागली. पुढे वॉर्डातल्या एका सोबतीणीकडे एक तिकीट उरलं होतं, ती मला घेऊन गेली, आणि त्या दिवसापासून ही माझी टीम झाली. क्लबच्या चिन्हात चेंडूवर उभा असलेला कोंबडा आहे, त्यामुळे आमच्या गावात तिचं नाव 'कोंबड्यावाली टीम' पडलं आहे.

आता बाबांचं उत्तर. प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, तिच्यात २० टीम असतात. प्रत्येक टीम बाकी सगळ्यांशी दोनदा खेळते, एकूण ३८ सामने. आयपीएलसारखी शेवटी फायनल नसते. ज्याचे गुण जास्त तो जिंकला, आणि शेवटच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये जातात. युरोपा लीग ही वेगळी स्पर्धा, वेगवेगळ्या देशांच्या क्लबांची, तिचे सामने सहसा गुरुवारी रात्री होतात. म्हणजे एकच टीम दोन स्पर्धा एकाच वेळी खेळत असते. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम ३८ पैकी २२ सामने हरला आणि १७ वा आला. त्याच टीमनं २१ मे रोजी युरोपा लीग जिंकली. दोन्ही खरं आहे.

पण हिशोब सांगून त्या वर्षात मनाचं काय झालं ते कळत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्याच आर्सेनलशी हरल्यावर प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू म्हणाले होते की मी दुसऱ्या वर्षी नेहमीच काहीतरी जिंकतो, आणि हे त्यांचं इथलं दुसरं वर्ष होतं. पेपरवाल्यांनी ते धरून ठेवलं. मला ते वाक्य आवडलं होतं. २००८ च्या लीग कपनंतर या क्लबनं काहीच जिंकलेलं नव्हतं. वॉर्डातली पोट्टी शाळेत जायला लागून कामाला लागली, तरी कप नाही. अशा ठिकाणी कोणीतरी छातीठोकपणे बोलावं असं मला वाटायचं.

मग सुरू झाला तो झोका. मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ३-० नं हरवलं, आणि पुढच्याच आठवड्यात ब्रायटनविरुद्ध २-० नं पुढे असताना ३-२ नं हरले. १० नोव्हेंबरला इप्सविचविरुद्ध मी मैदानात होते. इप्सविचला प्रीमियर लीगमध्ये २२ वर्षांत एकही सामना जिंकता आला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी आमच्याशी जिंकला. माझ्या शेजारच्या आजोबांनी सामना संपल्यावर मफलरची नीट घडी केली, खिशात घातली आणि मला म्हणाले, पुढच्या आठवड्यात भेटू. पुढचा सामना होता मँचेस्टर सिटीशी, त्यांच्या मैदानावर. आणि तो आम्ही ४-० नं जिंकलो! गोलकीपर विकारिओचा घोटा त्याच सामन्यात मोडला होता आणि तो तसाच शेवटपर्यंत खेळला. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं की ही टीम लीगमध्ये पहिल्या चारात येईल.

डिसेंबरमध्ये मी सुटीवर गावी होते. घरातल्या मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये जाहीर झालेला, व्यापारी मात्र त्याच्या खालीच मागत होता, म्हणून बाबांनी विकलेला नव्हता. २२ डिसेंबरला लिव्हरपूलचा सामना, आपल्याकडे रात्री १० ला. नेट फक्त कोठ्याजवळच्या ओट्यावर येतं. तिथेच शेकोटी केली, आईनं तुरीच्या शेंगा उकडून आणल्या, भावाचे दोस्त आले, बाबाही घोंगडी घेऊन येऊन बसले. फोन विटेला टेकवून ठेवला होता.

लिव्हरपूलनं ५-१ केले. पोट्टे उठून जायला लागले. मग आमच्या कुलुसेव्हस्कीनं एक मारला, ८३ व्या मिनिटाला सोलंकेनं आणखी एक, ५-३! भाऊ ओरडला, "ताई, अजून येळ हाये!" गेलेले दोघं परत फिरले. ८५ व्या मिनिटाला लिव्हरपूलचा सहावा गोल झाला. दोन मिनिटं टिकली ती आशा. पण त्या दोन मिनिटांत ओट्यावरचं प्रत्येक माणूस फोनकडे सरकलं होतं, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेसुद्धा. माझ्या दृष्टीनं त्या सबंध हिवाळ्यातला हा सगळ्यात चांगला सामना होता, ६-३ नं हरलेला.

बाबांनी शेंगांची टरफलं शेकोटीत टाकली आणि विचारलं, "एवढे लंगडे पोट्टे काऊन खेळवते थो?"

बाबांनी बरोबर ओळखलं होतं. व्हॅन डे व्हेन आणि रोमेरो, बचावातले दोन्ही मोठे खेळाडू, जखमी. गोलकीपर जखमी. १८ वर्षांचा आर्ची ग्रे मूळचा मधल्या फळीतला, त्याला बचावात उभं करावं लागत होतं. आणि पोस्टेकोग्लूंचा खेळ असा की सगळी टीम पुढे धावत जाते, मागे मैदान मोकळं सुटतं. त्या खेळाला वेगानं मागे फिरणारी माणसं लागतात, आणि तीच दवाखान्यात होती. गुरुवारी युरोप, रविवारी लीग, मध्ये देशातले दोन कप, लीग कप आणि एफए कप. पायांना आराम कधी मिळणार?

जानेवारी-फेब्रुवारीबद्दल फार लिहीत नाही. लेस्टरशी घरच्या मैदानावर हरलो. लीग कपच्या सेमीफायनलमध्ये लिव्हरपूलला एकदा हरवलं आणि परतीच्या सामन्यात ४-० नं गेलो. तीनच दिवसांनी एफए कपमधूनही बाहेर. पहिल्या चारात येण्याची आशा केव्हाच गेली होती, आता देशातल्या दोन्ही कपांचीही गेली. टीम खालच्या लीगमध्ये जाऊ नये, एवढंच मागणं उरलं होतं. २ मार्चला आपला विदर्भ नागपूरच्या मैदानावर तिसऱ्यांदा रणजी जिंकला तेव्हा भावानं पेढ्यांचा फोटो पाठवला. चारच दिवसांनी टॉटनहॅम युरोपा लीगमध्ये नेदरलँड्सच्या अल्कमारला हरला. ड्यूटीवरून परत येताना बसमध्ये मी दोन्ही बातम्या एकापाठोपाठ एक वाचल्या, आणि रणजीची परत वाचली.

पण अल्कमारला परतीच्या सामन्यात आम्ही ३-१ नं हरवलं. मग जर्मनीचं फ्रँकफर्ट. एप्रिलच्या मध्यात त्यांच्या मैदानावर सोलंकेच्या पेनल्टीवर १-०. सेमीफायनल!

याच काळात पोस्टेकोग्लूंनी लीगच्या सामन्यांत दुसऱ्या फळीची टीम उतरवायला सुरुवात केली. २७ एप्रिलला लिव्हरपूलनं आम्हाला ५-१ नं हरवूनच लीगचं विजेतेपद नक्की केलं. वॉर्डात लोक चिडले होते. सीझन तिकिटाला इथे वर्षाचे हजार-दोन हजार पौंड सहज जातात, आणि ज्यांनी ते भरले त्यांनी दर आठवड्याला हार का बघावी? त्यांचं म्हणणं मला पटतंही. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "इहिरीत पाणी कमी अन वावरं दोन. दोन्हीले थोडं थोडं देशीन तं दोन्ही जाईन. ज्या वावरात माल लागला त्यालेच दे." मी त्यांच्याच बाजूची आहे. लीगमध्ये आमच्या खालच्या तीन टीम इतक्या मागे होत्या की टॉटनहॅम खाली जाणार नाही हे एप्रिलमध्येच स्पष्ट झालं होतं. १७ वा नंबर आणि ११ वा नंबर यांच्यात पैशाचा फरक असेल, पण कोणाच्या नातवाला कोणी ११ व्या नंबरची गोष्ट सांगत नाही. सेमीफायनलमध्ये नॉर्वेच्या बोडो ग्लिम्टला घरी ३-१ आणि तिकडे २-० नं हरवलं, आणि स्पेनमधल्या बिल्बाओची फायनल आली.

समोर मँचेस्टर युनायटेड. त्यांचंही वर्ष असंच गेलेलं, शेवटी ते १५ वे आले. २१ मे, इथे रात्री ८, आपल्याकडे साडेबारा. मी ड्यूटी बदलून घेतली आणि सोबतिणीच्या घरी गेलो आम्ही चौघी: एक घानाची, एक केरळची, एक इथलीच, आणि मी. भाऊ गच्चीवर. विदर्भातला मे, घरात कोणी झोपत नाही, सगळ्या बाजा वर नेलेल्या. व्हॉट्सॲपवर कॉल चालू ठेवला होता. त्याच्या फोनवर चित्र माझ्यापेक्षा थोडं उशिरा पोचत होतं, म्हणून आमचं ठरलं होतं की मी आवाज काढायचा नाही, त्याला त्याचं स्वतः बघू द्यायचं.

४२ व्या मिनिटाला आमच्या सारचा क्रॉस आला, युनायटेडच्या शॉच्या अंगाला लागला, आमच्याच ब्रेनन जॉन्सनचा बूट पुसटसा लागला आणि चेंडू आत. मी तोंडावर हात दाबून बसले. मग फोनमधून आधी भावाची किंकाळी, मग मोठेबाबांचा आवाज, "काय झालं बे? साप निघाला का?"

दुसऱ्या अर्धात टॉटनहॅम फक्त वाचवत होता. दोन वर्षं ज्या माणसानं कधी मागे बसायचं नाही म्हणून शिकवलं, त्यानं त्या रात्री टीमला मागे बसवलं. काहींना हे आवडलं नाही. मला तो त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण त्या दिवशी मॅडिसन, कुलुसेव्हस्की आणि बर्गव्हाल तिघेही जखमी होते आणि पुढे जाऊन खेळायला माणसंच नव्हती. ६८ व्या मिनिटाला विकारिओच्या हातून चेंडू निसटला आणि युनायटेडच्या हॉयलुंडनं रिकाम्या गोलकडे हेडर मारला. व्हॅन डे व्हेन मागे पळत आला, हवेत पाठीवर आडवा झाला आणि पाय डोक्याच्या वर नेऊन चेंडू गोलरेषेवरून बाहेर काढला. मांडीच्या दुखण्यानं कित्येक महिने घरी बसलेला हाच तो मुलगा. त्याचा पाय तेवढा वर गेला हे मी अजूनही परत परत बघते.

१-०. सन ह्युंग-मिन २०१५ पासून या क्लबमध्ये होता, तेव्हाचा कॅप्टन, आणि हा त्याचा क्लबसोबतचा पहिला कप. कोरियाचा झेंडा कमरेला गुंडाळून तो रडत होता. घर सोडून दुसऱ्या देशात काम करणाऱ्या माणसाला तो झेंडा बघून काय होतं हे मी लिहून सांगू शकत नाही. आम्ही चौघीही रडलो, प्रत्येकीचा देश वेगळा. गच्चीवर भावानं बाबांना उठवलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "जितली? बरं झालं. आता जेवून घे."

दोन दिवसांनी हाय रोडवर मिरवणूक निघाली. पोस्टेकोग्लू बसवरून म्हणाले की तिसरं वर्ष दुसऱ्यापेक्षा चांगलं असतं. ६ जूनला क्लबनं त्यांना काढलं.

मी हे चुकीचं मानते. २२ सामने हरल्यावर कोणत्याही मालकाला प्रश्न पडणारच, ते समजतं. पण ज्या माणसानं १७ वर्षांनी कप आणून दिला, त्याला निदान एक वर्ष धडधाकट खेळाडू हाताशी घेऊन काम करू द्यायला हवं होतं. शिवाय माझं त्यांच्याशी एक नातं होतं. त्यांचा जन्म अथेन्सचा. पाच वर्षांचे असताना आईवडील त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेले. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, अशा देशात वडील त्यांना साउथ मेलबर्नच्या ग्रीक क्लबचे सामने बघायला न्यायचे. परक्या गावात माणसं जोडायला फुटबॉल कसा कामी येतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सालदार चांगला होता. मालकाले कळलं नाही."

जून २०२५ मध्येच थॉमस फ्रँक नावाचे नवे प्रशिक्षक आले, ब्रेंटफर्डहून. युरोपा जिंकल्यामुळे १७ व्या नंबरची ही टीम २०२५-२६ मध्ये चॅम्पियन्स लीग खेळणार होती, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांशी. १३ ऑगस्ट २०२५ ला सुपर कपमध्ये, म्हणजे युरोपा आणि चॅम्पियन्स लीगच्या विजेत्यांच्या सामन्यात, पॅरिसशी गाठ होती. तेव्हा मला वाटत होतं टीम लीगमध्ये पहिल्या आठात येईल. वॉर्डातल्या सोबतिणीला वाटत होतं पहिल्या चारात. भाऊ म्हणत होता पॅरिसलाही हरवू.

त्या वर्षी गावाकडे पाऊस मे महिन्यातच येऊन गेला आणि मग दडी मारून बसला, त्यामुळे बाबांनी तोवर सरकी टोबली नव्हती. सुपर कपचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला होता. भावाला सांगून ठेवलं होतं, लाइन असेल तेव्हाच फोन चार्ज करून ठेव, आणि या वेळी मोठेबाबांना आधीच सांग.