वॉलेटला नाव दिल्याने नेमके काय होते

एथेरियम या ब्लॉकचेनवरच्या वॉलेटचा, म्हणजे डिजिटल चलनाच्या पाकिटाचा, पत्ता 42 अक्षरांचा असतो आणि तो तोंडपाठ करण्याच्या फंदात शहाण्याने पडू नये. त्याऐवजी 'डॉट ईटीएच'ने संपणारे सुटसुटीत नाव ग्राहकाला कळवावे, ही कल्पना देवगडात बसून परदेशातील कामे करणाऱ्या आमच्यासारख्यांना साहजिकच आवडते. मात्र पैसे त्या नावात जमा होतात, हा समज आधी दूर करायला हवा.

अशी नावे देणाऱ्या, मे 2017 मध्ये सुरू झालेल्या एथेरियम नेम सर्व्हिसची मुख्य नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, फारच त्रोटक आहे. नावाचा मालक कोण आणि त्याच्या नोंदी कोणत्या रिझॉल्व्हरकडे आहेत, एवढेच ती प्रामुख्याने सांगते. तेही नावापासून काढलेल्या हॅशच्या, म्हणजे गणिती ठशाच्या, आधारे. खरा पत्ता रिझॉल्व्हर या दुसऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टकडे, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, मिळतो. तिथे प्रत्येक चलनाची नोंद वेगळी असते, त्यामुळे मालकाने बिटकॉइनचा पत्ता भरलेलाच नसेल, तर त्या नावावर बिटकॉइन पाठवता येत नाही. छायाचित्र, परिचय, ईमेल, संकेतस्थळ, गिटहबचे खाते या प्रोफाइलच्या नोंदीही तिथेच मजकूर म्हणून राहतात. त्या मालकाने स्वतः भरलेल्या असतात, त्यांची सत्यता कोणी तपासलेली नसते आणि त्या सर्वांना दिसतात. नावावरून पत्ता व पत्त्यावरून शिल्लकही कळते, हे ध्यानात घेऊन मी तिथे फोन नंबर लिहिलेला नाही.

उलट दिशेची नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी, अधिक फसवी आहे. आपल्या पत्त्यासाठी कोणीही कोणतेही नाव लिहून ठेवू शकतो, जसे पेटीवर 'देवगड हापूस' छापायला आत देवगडचाच आंबा असावा लागत नाही. म्हणून चांगले वॉलेट ते नाव पुन्हा रिझॉल्व्हरकडे नेऊन पाहते आणि तिथून तोच पत्ता परत आला, तरच ते नाव दाखवते.

सर्वांत मोठा धोका मला मुदतीचा वाटतो. नाव विकत मिळत नाही, वार्षिक शुल्कावर मिळते. पाच किंवा अधिक अक्षरांसाठी ते 5 डॉलर आहे आणि व्यवहाराचा गॅस, म्हणजे नेटवर्कचे शुल्क, निराळा. मुदत संपल्यावर 90 दिवस ते नाव जुन्या मालकासाठीच राखीव असते आणि त्याचे नूतनीकरण करता येते, पुढे 21 दिवस घटत्या जादा किमतीला आणि नंतर नेहमीच्या दराने ते कोणीही घेऊ शकतो. नव्या मालकाने आपला पत्ता भरला की जुन्या ओळखीवर विसंबून पाठवलेले पैसे त्याच्याकडे जातात आणि ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार मागे घेता येत नाही. गणपतीच्या धामधुमीत अशी तारीख माझ्या लक्षात राहण्याची मुळीच शाश्वती नसल्याने मी अनेक वर्षांचे शुल्क एकदमच भरून टाकले आहे, आणि मोठी रक्कम येणार असेल तेव्हा ग्राहकाला नावाबरोबर पूर्ण पत्ताही कळवून दोन्ही जुळवून पाहण्यास सांगतो.