तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चिनी औषधाचा पत्ता

"वहिनी, त्या चिनी औषधानं तुम्हाला गुण आला म्हणे. नंबर द्या की." ब्लाउज टाकायला आलेली दर तिसरी बाई हे विचारते. आता लिहूनच ठेवते. पुढच्या वेळी कागद पुढे करीन आणि माप घेईन.

गुण आला. खोटं कशाला बोलू? आमवातानं सांधे सुजून ताठलेली मूठ दीड महिन्यात मिटायला लागली. त्या दिवाळीत रात्री अकरापर्यंत मशीन चालवली, हूक-काजंसुद्धा स्वतः केली. बेळगावच्या वडगावातल्या अर्ध्या गल्लीनं ते बघितलं, म्हणून तर तुम्ही विचारताय. पुढचं कुणी बघितलं नाही, कारण पुढचं दवाखान्यात झालं.

आधीच्या गोळ्या सोडून मी गोव्याला का गेले, हे मात्र कुणी विचारत नाही. परवा जाऊबाई म्हणाल्या, "शिकलेली असून फसलीस." फसले नाही हो. सोमवारी मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची आठवड्याची गोळी, मंगळवार सगळा मळमळीत. दर दोन महिन्यांनी लिव्हरचं रक्त. डॉक्टरांकडे मिळायची चार मिनिटं, त्यातली दोन कॉम्प्युटरला. आणि 'आयुष्यभर' हा शब्द. अडतिसाव्या वर्षी कुणी तो सहज बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली, की माणूस गोव्याकडचा चोर्ला घाट उतरतो.

तिथल्या चिनी औषध देणाऱ्या माणसानं तासभर ऐकून घेतलं. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली, झोप, घाम, पाळी सगळं विचारलं. मग म्हणाला, वारा, गारठा आणि ओल सांध्यांत शिरलीय. बेळगावचा जुलै काढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आपणही वातच म्हणतो की. (मुंडगोडच्या तिबेटी वैद्यांचं औषध ते हेच का, असंही विचारतात. नाही. ते शास्त्र वेगळं, त्यांना यात ओढू नका.)

त्यानं दोन गोष्टी दिल्या. एक, काढ्याच्या पुड्या. त्यात दालचिनीच्या काटक्या, सुंठ, ज्येष्ठमध मला ओळखता आलं, पांढऱ्या मुळांच्या चकत्या नाही. खानापूरच्या मडक्यात पाऊण तास उकळायचं, धातूचं भांडं चालत नाही. दुसरी, पांढऱ्या डबीतल्या तपकिरी गोळ्या. डबीवर सगळं चिनी. भाच्यानं मोबाइल धरून वाचलं तर 'वारा-ओल घालवणारी' एवढंच निघालं. आम्ही हसलो.

आठव्या महिन्यात डबी संपली, त्यातच दरड पडून घाट बंद झाला. मी म्हटलं, चार दिवस काढा आहेच की. तिसऱ्या दिवशी अंगातला दोर कुणी काढून घ्यावा तसं झालं. सांधे पूर्वीच्या दुप्पट ठणकत होते, पोटात कळा, पाणीसुद्धा टिकेना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, पित्त झालंय, कोकम घे. चौथ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दार उघडायला उठले ती उंबऱ्यातच बसले. रिक्षातून नेलं तेव्हा बीपी ८०/५०. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी माझा चेहरा बघितला, गोल झालेला. लोक त्याला 'तब्येत सुधारली' म्हणत होते. मग बाही वर केली, हातावरचे काळेनिळे डाग बघितले आणि विचारलं, "एन औषध तगोतिद्रि?" काय औषध घेत होता? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "खरे हेळ्रि."

खरं सांगितलं. काढा सांगितला, मग गोळ्या. त्यांनी आधी रक्त काढून घेतलं, मगच हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सलाइन लावलं. संध्याकाळी मी उठून चहा मागितला! दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की ते बनवणारी ग्रंथी काम सोडून देते, आणि बाहेरचं अचानक थांबलं की हे असं होतं. म्हणजे आयुष्यभराच्या गोळ्यांना भिऊन मी घाट उतरले, आणि त्या पांढऱ्या डबीतून आठ महिने सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइड गिळत होते. पुढे प्रेडनिसोलोन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी, हळूहळू कमी करत बंद करायला वर्ष गेलं.

मग चिनी औषध म्हणजे सगळी थापच? असं म्हटलं की तुमचंही समाधान आणि जाऊबाईंचंही. पण माझी भाची बी. फार्म. करते, तिनं माझी ती सोय ठेवली नाही. लेइ गोंग थंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल, आमवातासाठी चीनमध्ये खरोखर वापरतात. २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी २०७ रुग्णांवर २४ आठवडे केलेला अभ्यास छापून आला. वेल मेथोट्रेक्सेटच्या मागे पडली नाही, आणि दोन्ही मिळून तर जास्त फरक दिसला. पण तीच वेल पाळी थांबवते, पुरुषांचे शुक्रजंतू घटवते, लिव्हर-किडनीला त्रास देते. माझी पाळी पाच महिने बंद होती. त्या माणसाला सांगितलं तर म्हणाला, शरीर शुद्ध होतंय. माझ्या औषधात ती वेल असलीच, तर पाळी वेलीनं थांबली की स्टेरॉइडनं? आणि बोटं कुणामुळे मिटली? काढा चालू असतानाच मी पडले, तरी त्या दालचिनीच्या वासाची आजही आठवण येते. कधी वाटतं, एक मडकं चढवावं. लिव्हरचे रिपोर्ट काढते आणि गप्प बसते.

आता पुन्हा सोमवारची गोळी, फॉलिक ॲसिड, सकाळी अर्धा तास ताठर बोटं. डबी आहे अजून. तिच्यात हूक ठेवते.

परवा निपाणीहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी विशीतली. चहा दिला तर तिनं कपाचा कान न धरता तो दोन्ही तळव्यांत उचलला, मी उचलायची तसा. मी हे सगळं सांगितलं. सांध्यांच्या डॉक्टरांचा वार सांगितला, चालू गोळ्या सोडू नको म्हटलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पर्समधून पेन काढलं.

"ते झालं हो वहिनी. गोव्यात नेमकं कुठं?"